चैत्रात भिंत ओली कशी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात घर कोरडं कसं ठेवावं यावर एक लेख वाचला. खिडक्या घट्ट बंद ठेवा, कपाटात कापूर ठेवा, भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंग द्या, असे तीन उपाय त्यात होते. तिन्ही मी करून बसलोय. कापराचा वास छान आला. बाकीच्या दोन्हींनी भिंत होती त्याहून बिघडली. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कात्री तुमच्याकडं आहेच.

मी एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होतो. ३१ वर्षं. २०१७ ला निवृत्त झालो. घर पाचगावच्या बाजूला, २००८ साली बांधलं. तेव्हा आमच्या कॉलनीत नळ नव्हता. २४० फुटांची बोअर मारली आणि त्याच पाण्यावर घर उभं राहिलं. काँक्रीट त्यातच कालवलं, गिलावा त्यातच केला आणि २१ दिवस भिंतींवर पाणी मारलं तेही तेच. पुढं चावी आली, एक दिवसाआड तासभर. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आम्ही कोल्हापूरकर नळाला चावी म्हणतो. पुण्याचा जावई आमच्याकडं पहिल्यांदा आला तेव्हा ‘चावी बंद करा’ म्हटल्यावर स्कूटर बंद करून आला होता.)

आता सगळ्यात लाजेची गोष्ट आधीच सांगून टाकतो. जड पाणी, म्हणजे क्षारांनी भरलेलं पाणी, काय करतं हे मला घर बांधायच्या आधी वीस वर्षं माहीत होतं. आमच्याकडं रेडिएटर उघडला की गाडी कुठल्या बाजूला पळते ते कळायचं. गगनबावडा, राधानगरीकडं जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या नळ्या बऱ्यापैकी साफ असायच्या, कारण तिकडं ड्रायव्हर ओढ्याचं नाहीतर नदीचं पाणी ओतणार. पूर्वेला शिरोळच्या बाजूला पळणारी गाडी असेल, तर नळ्यांत पांढरी-पिवळी खपली, काडी जाणार नाही इतकी. मग वरची-खालची टाकी सोडवायची आणि सळ्या घालून एकेक नळी मोकळी करायची. तोच रेडिएटर वेळेत साफ झाला नाही, तर करूळच्या घाटात गाडी उकळणार आणि ब्रेकडाऊनची गाडी घेऊन आम्हीच जाणार. कित्येकदा गेलोय. आणि ह्याच माणसानं स्वतःच्या घरी तीन गिझर जाळले. तिसऱ्या वेळी कॉइल बाहेर काढली तर ती दिसेना. चुन्यात बुडवून काढलेल्या दोरखंडासारखी झालेली. मंडळी एवढंच म्हणाल्या, ‘घाटात उकळली वाटतं.’

पण पत्र गिझरचं नाही, भिंतीचं आहे.

आमच्या सोप्याची (बाहेरच्या खोलीची) मागची भिंत, म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली, बांधल्यापासून दुसऱ्या पावसाळ्यात पांढरी व्हायला लागली. आधी रंगाला पोपडे, मग पोपड्याखाली पिठासारखी भुकटी. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पुट्टी कमी पडली. पुट्टी मारली. पुढच्या वर्षी दुसरा म्हणाला प्लॅस्टिक पेंट मारा, ओल आत येणारच नाही. मारला. तिसऱ्यानं वॉटरप्रूफ कोट दिला, वर लेखी हमी. हमीचा कागद त्याच भिंतीजवळच्या कपाटात होता. तीन वर्षांनी काढला तेव्हा त्यालाच बुरशी आली होती. नावं सांगत नाही, सगळे गावातलेच आहेत. आकडा सांगतो: तिघांचे मिळून ५८ हजार.

एवढं होऊनही मी ओलीचा दोष पावसाला देत होतो. डोकं ठिकाणावर आलं ते गेल्या वर्षी. गुढीपाडवा होऊन आठ दिवस झाले होते. बाहेर रणरणतं ऊन, दारातला मोगरासुद्धा माना टाकलेला, आणि भिंतीवर हाताच्या पंजापेक्षा मोठा ओला डाग! पाऊस नाही, पूर नाही, आणि भिंत ओली. तेव्हा मात्र माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. चैत्रात ओल वरनं येत नाही. मग येते कुठनं?

कोडोली भागातले एक म्हातारे गवंडी माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे. त्यांना बोलावलं. त्यांनी रंगाचा डबा, स्क्रॅपर काही आणलं नाही. भिंतीवरची भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. मला म्हणाले, ‘दादा, तुम्हीबी चाखा.’ चाखली. खारट, वर जरा तुरट. ‘ह्याला लोणा म्हणत्यात. ही ओल न्हवं, मीठ हाय. ओल गेली तरी मीठ ऱ्हातंय, आन् मीठ पुन्ना ओल बोलावतंय.’

हे एक वाक्य मला तीन कॉन्ट्रॅक्टरांनी ५८ हजारांत सांगितलं नव्हतं. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा त्यांच्या जोडीला साधं मीठही असतं. ते पाणी विटेत, गिलाव्यात मुरतं. वीट म्हणजे कंदिलाची वात. पाणी शोषत शोषत पृष्ठभागापर्यंत आणते. तिथं पाणी हवेत उडून जातं, क्षार उडत नाही, तो मागं राहतो. वर्षानुवर्षं थरावर थर. त्याचे खडे फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात, म्हणून पोपडे. आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच भिंतीतल्या मिठालाही सुटतं. हवेतला दमटपणा ओढून भिंत आपोआप ओलसर होते, गळती असो नसो. त्यावर प्लॅस्टिकचा रंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. आतलं पाणी बाहेर यायला वाटच नाही. ते रंगाच्या पाठीमागं साठतं, क्षारही तिथंच साठतो आणि एके दिवशी अख्खा पापुद्रा पापडासारखा हातात येतो. जुन्या घरांत चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी असायची, त्यातून ओल येऊन सुकून जायची. त्या घरांचं फार कौतुक मला करायचं नाही. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावाकडच्या घरात चुलीच्या धुरानं आईचे डोळे गेले. पण माळ्यावरच्या भाताला कधी बुरशी आली नाही हेही खरं.

तर, डाग कुठला? गवंड्यांनी मंडळींकडनं स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद मागून घेतला. फूटभर चौकोनी तुकडा भिंतीला लावून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. दोन दिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या वरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडं, दव दिसलं तर ओल हवेतली. कागदाच्या पाठीमागं दिसलं तर ओल भिंतीतली. वीस रुपयांचंही काम नाही. आमच्याकडं पाठीमागं पाणी. म्हणजे भिंतीतच.

मग मी शोध घेतला. सांगायला हसू येतं. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह, क्षारानं आखडला होता. पूर्ण बंदच होत नव्हता. रात्री मोटारीचा टायमर चालू झाला की टाकी भरून थोडी थोडी ओसंडायची. ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीला टेकलेला, पाणी भिंतीवरनं खाली, मागच्या बाजूनं, जिथं आम्ही कधी जात नाही. हे झालं एक. दुसरं, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याच्याही तोंडाशी खपली बसलेली, त्यामुळं थेंब थेंब गळायचा आणि टाइल्सच्या सांध्यातनं आत मुरायचा. सांध्यातला माल कुठला? बोअरच्याच पाण्यात कालवलेला. म्हणजे जड पाण्यानं भिंतीत मीठ भरलं, जड पाण्यानंच व्हॉल्व्ह अडकवला आणि त्या मिठाला रोजचं पाणी पाजलं. मी मात्र सतरा वर्षं पावसाला शिव्या देतोय.

दोन्ही व्हॉल्व्ह बदलले, ४०० रुपयांच्या आत. भिंतीचा गिलावा तीन फुटांपर्यंत खरवडला. भुकटी ओली न करता कोरड्या ब्रशनं झाडायची, असं गवंड्यांनी बजावलं. पाण्यानं धुतली की मीठ विरघळून पुन्हा आत. मग शाडूचा लेप दिला. गणपतीचा शाडू असतो तोच, कुंभार गल्लीतनं आणला. ओला लेप अर्धा इंच थापायचा, आपोआप वाळू द्यायचा. वाळताना तो भिंतीतलं मीठ स्वतःकडं ओढून घेतो. वाळून तडकला की काढून टाकायचा, पुन्हा नवा. असे तीन लेप झाले. मी पहिला लेप कालवायला बोअरचीच बादली उचलली, तेव्हा म्हाताऱ्यांनी बादली हातातनं काढून घेतली. बोलले काहीच नाहीत. चावीचं पाणी घेतलं.

ह्या सगळ्यात एक तरुण विक्रेता येऊन गेला, त्याची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जड पाण्याचं ऐकून सुनेनं फोन केला होता. टाय घातलेला पोरगा, गोड बोलायचा. दोन ग्लास मांडले, एकात आमचं चावीचं पाणी, एकात त्याच्या मशिनचं. दोन्हीत दोन-दोन सळ्यांचं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या ग्लासात शेवाळी-तपकिरी गाळ! त्याचा ग्लास निर्मळ. ‘बघा काका, हे तुम्ही पिताय.’ मंडळींनी तोंडावर पदर घेतला. सूनबाई पिशवीतनं कार्ड काढायला लागली.

मी म्हटलं, थांब. चिमूटभर मीठ आण. त्याच्या निर्मळ ग्लासात टाकलं, ढवळलं, आणि म्हटलं, आता दाब बटण. तो दाबेना. मी दाबलं. आमच्यापेक्षा घाण गाळ त्याच्या ग्लासात. अहो, ती सळी लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की सळीचं लोखंड विरघळून गंज होतो. गाळ पाण्यातला नव्हेच, सळीचा! त्याच्या पाण्यात क्षार नव्हते म्हणून वीज वाहिली नाही, एवढीच करामत. बॅटरीवर हात काळे केलेल्या माणसापुढं हा प्रयोग करायला नको होता. चहा पिऊन गेला बिचारा. मुतखड्याची भीतीही घालत होता. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पाणी जड आहे ह्यापेक्षा तुम्ही पाणी कमी पिता ह्याची काळजी करा.

त्याच्याकडं पेनासारखं टीडीएस मीटरही होतं. ते पाण्यातनं वीज किती वाहते त्यावरनं एकूण क्षारांचा अंदाज सांगतं. पाणी जड की मऊ हे सांगत नाही. सॉफ्टनरमधनं, म्हणजे पाणी मऊ करायच्या यंत्रातनं, पाणी काढलं तरी तो आकडा जवळजवळ तेवढाच राहतो, कारण सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम देतो. म्हणूनच त्याला दर थोड्या दिवसांनी पोत्यानं मीठ घालावं लागतं. त्या मिठानं यंत्र धुतल्यावर निघणारं खारं पाणी बागेत सोडलं तर झाडं गेलीच. यंत्र वाईट नाही. मोठ्या सोसायटीत, जिथं दुसरं पाणीच नाही, तिथं ते लागेल. पण पिण्याच्या पाण्याला ते लावू नये, विशेषतः घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर. आणि नळीला बाहेरनं लोहचुंबक बांधून पाणी मऊ करतो म्हणणाऱ्यांना मी दारातूनच नमस्कार करतो. चुंबक बांधला म्हणून पाण्यातला एक कणही क्षार कमी होत नाही.

पाणी तपासायचं असेल तर घरचा उपाय सोपा आहे. तीन सारख्या बाटल्या घ्या: चावीचं, बोअरचं, पावसाचं. प्रत्येकीत साबणाचा सारखाच कीस टाका (अंगाचा साधा साबण, धुण्याची पावडर नको, तिला जड पाण्यातही फेस येतो) आणि हलवा. पावसाच्या बाटलीत बुचापर्यंत फेस येतो. बोअरच्या बाटलीत फेस नाही, फाटलेल्या दुधासारखी साय. शाळेच्या जुन्या पुस्तकात ह्याला दुष्फेन पाणी म्हणत. शब्द चांगला होता, कुठं गेला कोण जाणे. नेमका आकडा हवा असेल तर थेंब मोजायचं किट मिळतं, पाण्याचा वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब टाकायचे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतही पाणी तपासून मिळतं. आमच्या बोअरची कठीणता (पाणी किती जड ते) लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाली. भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. म्हणजे कागदावर आमचं पाणी पिण्याला चालतं. गिझरला चालत नाही, डाळीला चालत नाही. तूरडाळ चार शिट्ट्यांत शिजत नाही म्हणून दहा वर्षं दुकानदार बदलत होतो आम्ही. चावीच्या पाण्यात तीच डाळ मेणासारखी. चावीचं पाणी १०० च्या आत आहे. सह्याद्रीतनं आलेलं नदीचं पाणी ते, खडकात मुरत बसायला त्याला वेळच मिळत नाही.

म्हणून यंत्र न घेता मी प्लंबरकडनं दोन टाक्या वेगळ्या केल्या. चावीची लहान टाकी स्वयंपाकघर, सोलर आणि गिझरला. बोअरची मोठी टाकी संडासला, अंगणाला, गाडी धुवायला. पाइप, मजुरी धरून सात हजार आले. गिझर ५० अंशांवर ठेवलाय. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त सुटतो आणि नेमका सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच, बसतो. बॉलकॉक दर दिवाळीला काढून रात्रभर लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवतो, सकाळी नव्यासारखा. एक सूचना मात्र पदरच्या अनुभवाची: आमच्या मंडळींनी न्हाणीघरातल्या पांढऱ्या डागांवर बाटलीतलं ॲसिड ओतलं, तर खाली शहाबादी फरशी भसाभस फेसाळली. शहाबादी आणि कडप्पा हा चुनखडकच. ॲसिडला काय कळतंय क्षार कुठला आणि फरशी कुठली! तिथली फरशी अजून खडबडीत आहे. आणि ते ॲसिड ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात जीव जाईल.

आता हवेतल्या ओलीचं. तुमच्या लेखात खिडक्या घट्ट बंद ठेवा म्हटलंय. मी घरात दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ आणलं, २५० रुपयांचं. आषाढात आमची मागची खोली, खिडकी बंद, दोरीवर कपडे: ९२ टक्के. एवढ्यावर बुरशीची चैनच. मला प्रश्न पडला, बंद खोलीत हे पाणी आलं कुठनं? ताणकाटा घरात आहेच. सुनेनं पिळून काढलेली कपड्यांची बादली वजन करून दोरीवर टाकली. तिसऱ्या दिवशी वाळल्यावर पुन्हा वजन केलं. दोन किलो कमी भरलं. दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी. ते गेलं कुठं? गादीत, कपाटातल्या शालूत, पापडाच्या डब्यात, माझ्या हमीच्या कागदात. त्यावर रोजच्या आंघोळीची वाफ, भाताची, चहाची. आम्ही पावसाला बाहेर कोंडला आणि आत आपला घरचा पाऊस पाडत बसलो.

खिडकी उघडून आभाळाची सगळी ओल जात नाही हेही खरं. झड लागली असताना बाहेरची हवाच भिजलेली. तरी बाहेर २४ अंश आणि घरात २७ असले, तर ती हवा आत येऊन गरम होते आणि तिचा दमटपणा टक्क्यात उतरतो. आमच्या खोलीत खिडकी फटभर उघडून पंखा लावला की ९२ चे ८० होतात. बुरशी थांबवायला तेही पुरत नाही, पण कपडे तीनऐवजी दीड दिवसात वाळतात. उघडीप मिळाली, ऊन पडलं, की सगळी दारं-खिडक्या सताड; त्या दोन तासांत काटा ६५ वर येतो. कपडे एकाच खोलीत, तिचं घराकडचं दार बंद, खिडकी उघडी. आंघोळीनंतर न्हाणीघराचा एक्झॉस्ट अर्धा तास. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढं. एवढं केल्यावर यंदा कपाटात बुरशी नाही, कापूरही नाही. शेजारच्यांनी दमटपणा ओढायचं यंत्र आणलंय, रोज तीन-चार लिटर पाणी काढतं. मी विचारलं, कपडे कुठं वाळवता? त्याच खोलीत, म्हणाले. विजेचं बिल त्यांचं, मी काय बोलणार.

एक गोष्ट मात्र आपल्या गावासाठी लिहायलाच हवी. माझी धाकटी बहीण शाहूपुरीत राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. त्या दिवसांत उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यामुळं चाव्या बंद होत्या. घरात पाणी, प्यायला टँकर. पाणी उतरल्यावर सगळ्या गल्लीनं एकच घाई केली: गणपतीच्या आत रंग. दोन्ही वर्षी गणपती सप्टेंबरात होते, म्हणजे भिंतीला सुकायला पहिल्या वेळी जेमतेम तीन आठवडे, दुसऱ्या वेळी फार तर दीड महिना. गवंड्यांचा हिशेब असतो, भिंतीच्या जाडीच्या इंचाला एक महिना. नऊ इंची वीट दोन्ही बाजूंनी सुकली तरी चार-साडेचार महिने हवेत. शिवाय चिखल धुवायला टँकरचं बोअरचं पाणी मारलेलं. दिवाळीत बहिणीकडं भाऊबीजेला गेलो, तर ओवाळताना तबकात रंगाचा पोपडा पडला. दुसऱ्या वेळी मी तिला भिंत तशीच ठेव म्हटलं. तिनं ऐकलं नाही. पाहुण्यांना भिंत कशी दाखवायची, म्हणाली. पुन्हा रंगवलं, पुन्हा तेच.

आपल्याला विनंती एवढीच. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी तुम्ही रोज छापता. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. तसंच उन्हाळ्यात एकदा तरी पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी ह्या उपनगरांतल्या बोअरच्या पाण्याची कठीणता प्रयोगशाळेतनं तपासून छापा. त्या भागात सध्या शेकडो घरं चालू आहेत. बांधकामाच्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट किती चालतं ह्याचं भारतीय मानक आहे. सळई असलेल्या काँक्रीटला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच. पाया खणताना एक बाटली तपासून घ्या, असं मला २००८ साली कुणी म्हणालं असतं, तर निदान गिलाव्यापुरतं तरी मी गोड्या पाण्याचा टँकर मागवला असता. दुसरं, गच्चीवरचं पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर मऊ पाणी होतं. ते आम्ही पन्हाळीतनं रस्त्यावर सोडतो आणि खाली मोटार लावून जड पाणी वर चढवतो. मी यंदा एका पन्हाळीला ५०० लिटरचं पिंप लावलंय. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून दिलं, मग भरलं. धुण्याला साबण निम्मा लागतो, असं सूनबाई सांगते. तिचं बोलणं छापा, माझं नको, तिचा हिशेब पक्का असतो.

आमच्या कॉलनीतल्या कुणाला बोअरचं पाणी तपासायचं असेल, तर थेंबांचं किट माझ्याकडं आहे. रविवारी सकाळी दहानंतर बाटली घेऊन यावं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून आणावी.

भिंत अजून उघडीच आहे. मंडळी रोज विचारतात रंग कधी. लाज नको म्हणून त्यांनी तिथं अंबाबाईचं मोठं कॅलेंडर लावलंय. मी ते दर सोमवारी काढून मागं हात लावून बघतो. गेले पाच सोमवार कोरडं आहे, आणि बाहेर श्रावण लागलाय.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक,
पाचगाव रस्ता, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)